आण्णांच्या छातीवर पैलवानाचं काळीज

खोटं बोलत असेन तर तोंडातली ही कवळी आत्ताच्या आत्ता गळून ताटात पडू दे! यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल सांगलीला जावं, मार्केट यार्डात कुणालाही गाठावं आणि विचारावं, भूपाल आण्णा आवटींचं काळीज पाच दिवस कुणाच्या छातीत धडधडत होतं? आधी सगळे खो खो हसतील. मग एकेक जण गप्प होईल. कारण गोष्ट हसण्याजोगी असली तरी आण्णांसमोर ती काढायची नाही असं यार्डानं ठरवून टाकलंय.

साल एकेचाळीस. दोन हजार एकेचाळीस हो. तोवर रस्त्यात माणसांपेक्षा यंत्रं जास्त झाली होती. दूध घालायला यंत्र, औषध आणून द्यायला यंत्र, पण मूत्रपिंडं बिघडली की माणसाचे हाल मात्र तसेच होते. आण्णांची दोन्ही रक्तदाबानं खाल्ली. वय सत्तर. सहा वर्षांपूर्वी बायको गेलेली, मुलगा अभिनंदन पुण्यात नोकरीला, शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. घरात आण्णा आणि सून ऋतुजा. ती घरातूनच कुठल्याशा विमा कंपनीचं काम करायची आणि सासऱ्यांचं पथ्यपाणी बघायची.

आणि आण्णा कोण? तर वजनमाप खात्यातले रिटायर्ड इन्स्पेक्टर! चौतीस वर्षं नोकरी, एक कप फुकटचा चहा प्यायला नाही. आण्णांची स्कूटर पेठेत शिरली की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. एकदा एका किराणेवाल्याच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडला. आण्णांनी तो गोळा काढला, त्याच्याच तळहातावर ठेवला आणि त्याला दुपारपर्यंत दुकानाच्या पायरीवर उभा केला. येणारं-जाणारं गिऱ्हाईक बघतंय, शाळेतून येणारी त्याची स्वतःची पोरगी बघतेय. "खिसा कापणाऱ्याला माफ करीन," आण्णा म्हणायचे, "मापाला फसवणाऱ्याला नाही. माप बिचारं उलटून बोलत नाही."

तर त्या आण्णांना मिरजेच्या एका दवाखान्यात डॉक्टर समीना मुजावर यांनी सांगितलं, की आता डायलिसिस टळणार नाही. त्यासाठी डाव्या हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून ठेवायची. छोटं ऑपरेशन. ऋतुजा शेजारी वही घेऊन बसलेली.

"पूर्ण भूल तुम्हाला झेपायची नाही, आण्णा. फक्त हाताला देऊ. गळ्याच्या हाडाजवळ हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा असतो, तिथं सुईनं औषध सोडलं की हात झोपतो. तुम्ही जागे."

"मग झालं तर. घाबरायचं कशाला?"

"हाताला नाही. काळजाला घाबरायचं."

मुजावर डॉक्टरीणबाईंची सांगायची हातोटी अशी, की खेड्यातल्या आजीबाईलाही समजावं. म्हणाल्या, "आपल्या नसांना आणि काळजाला बारीक बारीक दारं असतात. त्यातून क्षार आत-बाहेर करतात, म्हणून वीज पळते, म्हणून ठोका पडतो. भुलीचं औषध नसेची दारं लावून टाकतं, म्हणून हात मुका होतो. पण त्यातलं थोडं रक्तात उतरलं, तर ते काळजाचीही दारं लावायला निघतं. धडधाकट माणूस तेवढं सोसतो. तुमची गोष्ट वेगळी. मूत्रपिंडं बंद, त्यामुळे पोटॅशियम नावाचा क्षार बाहेर जात नाही, रक्तात साचतो. साचला की काळजाची दारं आधीच जड होतात. त्यावर हे औषध गेलं, की ठोका लांबतो, मंदावतो. कधी कधी पुढचा ठोका येतच नाही."

ऋतुजानं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मग करायचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी खणातून एक पट्टी काढली. विड्याच्या पानाएवढी, कातडीच्या रंगाची. "हिनं काळजाचं जुळं करायचं. पाच दिवस छातीवर ठेवायची. ठोके मोजते, घामातून पोटॅशियम वाचते. त्यावरून मशीनच्या आत तुमच्या काळजाची हुबेहूब नक्कल तयार होते. मग आम्ही भूल आधी त्या जुळ्याला देतो. हजार वेळा, हजार मापांनी. किती औषधाला ते बंद पडतं ते बघून तुमचं माप ठरवतो. ते मरतं, तुम्ही वाचता."

आण्णांचे डोळे लकाकले. "म्हणजे काळजाचं प्रमाणित वजनच म्हणा की!"

"तसंच. पण एक लक्षात ठेवा. ही पट्टी घाम जाळीत साठवून सावकाश वाचते. दुपारी तीनला वाचते तो बाराचा घाम. त्यामुळे मागचं बघून मशीन पुढचं ताडतं. पट्टी काढायची नाही. पाच मिनिटं अंगावेगळी झाली की इथं घंटा वाजते. आणि खाण्यात नारळपाणी बंद, केळं बंद, भाजी चिरून गरम पाण्यात ठेवायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळून पुन्हा फेकायचं. आणि बेदाण्याचं तर नाव काढू नका. ओंजळभर बेदाणा तुम्हाला विषासारखा आहे."

आण्णांनी मान डोलवली. पण खरं दुखणं तिथंच होतं.

यार्डात बेदाण्याचे सौदे चालतात तुम्हाला ठाऊक असेल. बॉक्स फोडायचा, मूठभर माल टेबलावर पसरायचा, बघायचा, चावायचा, बोली लावायची. एकेचाळीस साली रंग, आकार, ओल सगळं कॅमेरा सांगायचा. पण माल आंबूस आहे का, गंधकाची धुरी जास्त झालीय का, हे कॅमेऱ्याच्या बापाला कळत नव्हतं. ते कळायचं आण्णांच्या जिभेला. रिटायर झाल्यापासून आण्णा रोज अकरा ते दोन सौद्यात. चार दाणे तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे. यार्ड श्वास रोखून उभं. मग आण्णा म्हणायचे, "गोड आहे, पण शेवटाला घसा धरतोय," की संपलं. त्या शब्दावर कुणी वर बोलायचं नाही. घरी दोन खोल्या, औषधांचा डबा आणि भिंतीवरचा बायकोचा फोटो. यार्डात मात्र माणूस उठून खुर्ची द्यायचा. ते सोडवेना. आणि खरं सांगायचं तर बेदाणाही सोडवेना. मागं पथ्य लागलं तेव्हा चाखून थुंकायचं असं दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी थुंकायचे विसरले.

आता छातीवर पट्टी आली. ती सगळं सांगणार. मग आण्णांनी काय केलं?

यार्डाच्या फाटकावर राखणदार होता, हिंदुराव पैलवान. वय एकाहत्तर, मान म्हशीसारखी, सकाळी दोन लिटर दूध. काळीज असं संथ, की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसानं चहाचा घोट घ्यावा, बशी खाली ठेवावी आणि मिशी पुसावी.

"हिंदुराव, तीन तास ही पट्टी छातीला लावून बस," आण्णा म्हणाले.

"म्या? आन् का?"

"शास्त्राचं काम आहे."

"दुखतंय का?"

"नाही. फक्त एवढ्या जागेचे केस काढायला लागतील."

पैलवान दोन पावलं मागं सरला. "आण्णा, ह्या छातीला आजवर वस्तरा लागला न्हाई, तालमीची माती लागलीया!"

"मग माझ्यासाठी लागू दे."

आण्णांनी असं म्हटल्यावर पैलवानाचा इलाज संपला. शेजारच्या न्हाव्याकडून विड्याच्या पानाएवढी जागा तासून आला. आण्णांनी घड्याळ लावलं. पट्टी काढून चिकटवायला चौदा सेकंद. घंटा वाजायला पाच मिनिटं. चौतीस वर्षं लोकांच्या लबाड्या पकडल्या होत्या ना, लबाडी कशी करायची ते पाठच झालेलं. पैलवान शर्टाची बटणं लावून फाटकावर बसला आणि आण्णा सौद्यात गेले. मिरजेत मशीनच्या आत आण्णांचं काळीज हळूहळू पैलवान व्हायला लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला. मशीन बघणारी मुलगी होती. आण्णा नुकतेच जेवून हात धूत होते, ऋतुजा भांडी आवरत होती. फोन टेबलावर, आवाज मोठा.

"काका, अकरा ते दोन तुमचे ठोके एकदम बेचाळीसवर येतात. झोपता का?"

"हां. जरा डुलकी काढतो."

ऋतुजानं वळून बघितलं. आण्णा त्या वेळी घरात नसतात हे तिला ठाऊक. पण यार्डात खुर्चीवर पेंगत असतील म्हणून ती गप्प राहिली.

"पट्टी तुमच्याच अंगावर असते ना? मशीन विचारतंय. हो म्हणालात तर तसं नोंदवते."

आण्णांच्या हातावरून पाणी ठिबकत होतं. "माझ्या नाही तर कुणाच्या असणार?"

"नोंदवलं. आणि आणखी एक. दुपारी पोटॅशियम छान खाली असतं, दोनला घरचं जेवण झालं की चढायला लागतं. भाज्या कोण करतं घरात?"

आता बघा, इथं माणसाला तोंड उघडायला जागा होती. बेदाणा हा शब्द काही फार मोठा नाही. पण मग पट्टीची गोष्ट निघाली असती, पैलवान निघाला असता आणि ती चिंचसुद्धा निघाली असती. आण्णा म्हणाले, "सून."

एवढंच. एक शब्द. ऋतुजाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

संध्याकाळी अभिनंदनचा पुण्याहून फोन. भिंतीवरच्या पडद्यावर त्याचा चेहरा, मागं ऑफिस. "ऋतुजा, सगळं सोडून एवढं एक काम आहे. भाजीचं पाणी काढणं. तेही होऊ नये?"

"मी दोनदा काढते. परवापासून तीनदा."

"मग आकडा का चढतो? आकडा खोटं बोलतो का?"

ती आण्णांकडे वळली. "आण्णा, तुम्ही बघितलंत ना? सकाळी दोडका तीनदा उकळला मी. तुमच्यासमोर."

"बघितलं," आण्णा म्हणाले. दिवस मावळायच्या आत जेवायची त्यांची रीत, पुढ्यात ताट होतं. त्यात तीनदा उकळून रया गेलेला दोडका. त्याच्याकडे बघत ते हळू आवाजात बोलले, "उद्या चारदा काढून बघ."

हे वाक्य पुढं आण्णांना कायम ऐकू यायचं. देवळात नमोकार मंत्र म्हणताना मध्येच यायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं चारदा पाणी काढलं. घाईत चाळणीतलं उकळतं पाणी बोटांवर सांडलं. आण्णा यार्डातून आले तर ती डाव्या हातानं पोळ्या लाटत होती, उजव्या हाताला ओलं फडकं.

"काय झालं गं?"

"काही नाही. जेवा तुम्ही, दोन वाजले."

आण्णांच्या गालात अजून शेवटच्या बॉक्सचा गोडवा होता. जेवण उतरेना. म्हणाले, भूक नाही. तर ती घाबरून म्हणाली, "चव नाही ना भाजीला? कळतंय मला. पण ऑपरेशनपुरतं काढा, आण्णा." आणि ते सगळं जेवले. चाटूनपुसून. त्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

मशीननं हिशेब मांडला: उपाशीपोटी दुपारी पोटॅशियम सगळ्यात खाली, काळीज संथ आणि दणकट, तेव्हा ऑपरेशन पाचव्या दिवशी दुपारी साडेतीनला, आणि भुलीचं माप नेहमीपेक्षा थोडं चढं दिलं तरी चालेल, म्हणजे हात पक्का झोपेल.

पाचव्या दिवशी तरी आण्णांनी यार्डात जाऊ नये? पण त्या दिवशी तासगावकडचा हंगामातला पहिला हिरवा माल यायचा होता. आणि पट्टी अंगावर ठेवली तर खरा आकडा दिसणार, मग इतक्या दिवसांचं सगळं उघडं पडणार. एकदा लबाडीच्या गाडीत बसलं की मधल्या स्टेशनावर उतरता येत नाही. पट्टी पैलवानाला लावली. सत्तावीस बॉक्स फुटले. प्रत्येकातले चार-पाच दाणे. मोजा तुम्हीच.

पट्टी परत लावताना पैलवान म्हणाला, "आण्णा, आज कापणार हाईत न्हवं तुमास्नी? मग ह्ये शास्त्र आजबी लागतंय?"

"गप बस."

"गप बसतो. पर माज्या काळजाला काय तरी बरं वाटंना."

अडीचला दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी आलेख बघितला, कपाळाला आठी घातली. "सगळं इतकं चांगलं आहे की मलाच चैन पडेना. एकदा जुन्या पद्धतीनं सुई टोचून रक्त बघू या का?"

आण्णांनी बाही खाली ओढली. जीभ सराईतच होती. "बाई, तुम्हीच म्हणता ना, शिरा जपा, पुढं डायलिसिसला लागतील? मग उगाच टोचता कशाला? मापावर विश्वास ठेवावा माणसानं."

मुजावर बाईंनी आलेखावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "बरं." हा 'बरं' त्यांनाही पुढं फार दिवस टोचला. रक्त काढायलाच हवं होतं, हे त्यांनी नंतर स्वतःच लिहून दिलं.

त्या दवाखान्यात पद्धत होती, भूल नुसती हाताला असेल तर घरचं एक माणूस रुग्णापाशी बसवायचं. माणूस जागा असतो, घाबरतो, ओळखीचा हात असला की ठोका शांत राहतो. ऋतुजा निळा झगा, निळी टोपी घालून आण्णांच्या उजव्या बाजूला बसली. भाजलेल्या बोटांनी तिनं त्यांचा हात धरला.

गळ्यापाशी सुई गेली. डॉक्टरीणबाई पडद्यावर नसा बघत औषध सोडत होत्या. "आण्णा, जिभेला मुंग्या आल्या, तोंडात लोखंडासारखी चव आली, कानात आवाज झाला, तर लगेच सांगायचं. लाजायचं नाही."

"सांगतो."

पाच मिनिटांत हात जड झाला. मग आपला राहिलाच नाही, कुणीतरी शेजारी आणून ठेवल्यासारखा वाटायला लागला. आणि मग तोंडात चव आली. आण्णांची जीभ ती! साऱ्या यार्डाची जीभ. पहिल्या क्षणाला ओळखलं तिनं, लोखंड. कानात कुकरची शिट्टी लांबून वाजावी तसं व्हायला लागलं. सांगावं? सांगितलं की विचारणार, काय खाल्लंत? आण्णा छताकडे बघत राहिले.

"आण्णा, हात गार पडला तुमचा," ऋतुजा म्हणाली.

पडद्यावरचा ठोका रुंदावला. टोकदार रेघ होती ती मातीच्या ढिगासारखी पसरली. सत्तर, साठ, त्रेपन्न. घंटा वाजली.

"औषध रक्तात गेलंय," डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. "चरबीचं सलाईन लावा, लवकर." दुधासारखी पांढरी पिशवी आली. ती चरबी भुलीच्या औषधाला रक्तातून ओढून घेते, हे सगळ्यांना पाठ होतं. पांढरी धार नळीतून आत गेली. सगळे पडद्याकडे बघत होते. पंचेचाळीस. अडतीस.

"एव्हाना औषध उतरायला हवं होतं. पोटॅशियम किती दाखवतंय?"

"चार पॉइंट तीन, मॅडम. अगदी बरोबर आहे. मशीन म्हणतंय कारण पोटॅशियम नाही."

"रक्त पाठव तपासायला."

"पाठवते, पण उत्तराला तीन-चार मिनिटं लागतील."

तेवढी मिनिटं हातात आहेत की नाहीत, कुणास ठाऊक. पोटॅशियम नसताना त्याचा उतारा द्यायचा म्हणजे या हालतीत दुसरंच संकट ओढवायचं. डॉक्टरीणबाई ऋतुजाकडे वळल्या. "ताई, नीट आठवून सांगा. काल रात्री, आज सकाळी, तुमच्या हातून काही गेलं? मीठ बदललं? एखादं फळ? मी रागावणार नाही. फक्त खरं सांगा."

ऋतुजा बोटांवर मोजायला लागली. "नाही हो... चारदा पाणी काढलं... सकाळपासून तर उपाशी आहेत..." मग तिनं आण्णांच्या तोंडाकडे बघितलं, निळं पडत चाललेलं. आणि ती रडत म्हणाली, "माझंच चुकलं असेल. माझंच काहीतरी चुकलं. समजा पोटॅशियम आहे. समजा मी दिलं. पण त्यांना वाचवा!"

आण्णांना ते लांबून ऐकू आलं, विहिरीच्या तळातून ऐकावं तसं. पोरगी न केलेला गुन्हा कबूल करत होती. त्यांच्या डोळ्यांपुढं दुकानाची ती पायरी आली, आणि तळहातावर चिंच घेऊन उभी असलेली ऋतुजा.

जीभ लाकडासारखी झाली होती. त्यांनी जोर लावला. "बे... दाणा."

"काय म्हणतायत?"

"बेदाणा. रोज. आज... ओंजळभर तरी." मध्ये श्वास. "पट्टी माझी नाही. हिंदुरावच्या छातीवर... असते. मशीनमधलं काळीज त्याचं. तिनं... काही केलं नाही. मी मापात..." पुढचा शब्द आला नाही.

ऋतुजाच्या हातातून त्यांचा हात सुटला. की तिनं सोडला, ते त्यांना कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक क्षणही घालवला नाही. "कॅल्शियम द्या. लगेच. इन्सुलिन आणि ग्लुकोज तयार ठेवा. मशीन बंद करा ते, अजून दुपारचा घाम वाचतंय, दुसऱ्याच माणसाचा!" कॅल्शियम काळजाला तात्पुरता धीर देतं, इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. दोन मिनिटं गेली. पस्तीस. छत्तीस. मातीचा ढीग आवळत आवळत पुन्हा टोक धरायला लागला. पंचेचाळीस. साठ. तेवढ्यात रक्ताचा आकडा आला, सात पॉइंट चार. नर्सनं तो मोठ्यानं वाचला आणि खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. मानेत नळी घालून चार तास डायलिसिस केलं. आण्णा वाचले. वाचायचा आनंद म्हणतात तो काही त्यांना झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पैलवान भेटायला आला. शर्ट काढून छातीवरची तासलेली जागा डॉक्टरीणबाईंना दाखवली आणि हात जोडले. "बाई, मला तुरुंगात घाला. म्या शास्त्र समजून बसलो."

"तुम्ही जा घरी, दूध प्या," त्या म्हणाल्या. मग आण्णांच्या पलंगापाशी येऊन उभ्या राहिल्या. "त्या मशीनमध्ये तुमचं जुळं नव्हतंच, आण्णा. आम्ही पैलवानाला हजार वेळा भूल दिली आणि तो हजार वेळा उठून बसला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मापावर विश्वास ठेवा म्हणालात तुम्ही."

आण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

शनिवारी अभिनंदन आला. आण्णांनी त्याला समोर बसवलं, ऋतुजालाही बोलावलं. ती दारातच उभी राहिली. "पाणी हिनं आधी दोनदा काढलं, मग तीनदा," आण्णा म्हणाले. "चारदा काढ म्हणून सांगणारा मी. बोटं भाजली ती माझ्या तोंडच्या शब्दानं. तू हिला बोललास तेव्हा मी ताटावर बसून ऐकत होतो. बेदाणा पोटात होता माझ्या." अभिनंदननं बायकोकडे बघितलं आणि त्याचीही मान खाली गेली. त्याची माफी त्यानं कशी मागितली, ते त्या दोघांचं.

सोमवारी आण्णा यार्डात गेले. खुर्ची पुढं आली, बसले नाहीत. फाटकाच्या पायरीवर उभं राहून, सौदा थांबवून, सगळं सांगितलं. त्यानंतर त्यांच्या जिभेवर यार्डात माल आला नाही. पुढं महिन्याभरानं हाताचं ऑपरेशन झालं, तेव्हा पट्टी पाच दिवस अंगावर होती आणि रक्तही दोनदा तपासलं.

घरी मात्र रोज दुपारी दोन वाजता ताट यायचंच. त्या पहिल्या सोमवारीही आलं. दोडका, भात, मापून घेतलेलं वाटीभर पाणी. आण्णा म्हणाले, "पोरी, चुकलो गं मी." ऋतुजानं पदरानं हात पुसले, हसली आणि म्हणाली, "आण्णा, आजपासून पाणी दोनदाच काढते हं. चार वेळा काढलं की दोडक्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही!"

आता कबूल करते. एवढं एक मी माझ्या पदरचं घातलंय. ऋतुजा तसं काही म्हणाली नाही. हसलीही नाही. तिनं ताट ठेवलं, वाटी सरळ केली आणि आत जाऊन आपल्या कामाला बसली. वाईट वागत नाही ती, औषध चुकू देत नाही, डायलिसिसला स्वतः घेऊन जाते. फक्त विचारलं तेवढंच बोलते. आण्णा रोज दुपारी ताटावर बसले की पहिला घास घ्यायच्या आधी थोडं थांबतात, ती काही म्हणेल म्हणून. मग जेवतात. त्यांना ऐकायचंय ते वाक्य मी तिच्या तोंडी घातलं, एवढंच. बाकी सगळं जसं झालं तसं सांगितलं.